अळंबीला दिलेलं नाव

बुरशी शिकून पुढे काय करणार, हे मला आयुष्यभर लोकांनी विचारलं आणि दर वेळी माझं टाळकं सरकलं. आमच्या घरचे सगळे हुबळीच्या बाजारात कापडाच्या दुकानात गादीवर बसलेले. मी एकटा धारवाडला येऊन बुरशीचा प्राध्यापक झालो. तर थोरला यशवंतअण्णा पाहुण्यांना सांगायचा, "हा आमचा पद्मनाभ. लोक जे फेकून देतात, ते हा भिंगातून बघतो." सगळे खो खो हसायचे. हसा लेको!

नोकऱ्या म्हणाल तर आहेत. माझा विद्यार्थी विनायक गोकुळ रोडला शेड टाकून अळंबीचं बियाणं विकतो आणि माझ्यापेक्षा मोठी गाडी फिरवतो. चेतन औषधाच्या कारखान्यात बुरशी कुठून शिरली ते हुडकत बसतो. नागेशला बियाण्याच्या कंपनीनं पिकांवरचे रोग ओळखायला ठेवलंय. पण मथुराला यातलं काहीच नको होतं. तिला शिकवायचं होतं, कॉलेजात, कायमच्या जागेवर. अळनावरला लाकडाच्या वखारीत ओंडके उचलणाऱ्या बाबूची पोरगी, आणि प्राध्यापक व्हायचंय म्हणे!

पोरगी हुशार होती, खोटं कशाला बोलू. पावसाळ्यात अळनावरच्या रानात कुजक्या बांबूवर तिला एक अळंबी सापडली. टोपी नखाएवढी, दांडी केसासारखी काळी, आणि भिजली की टोपी जांभळी व्हायची. आम्ही असतील नसतील तेवढी पुस्तकं पालथी घातली. कुठेच नोंद नाही.

"सर, ही नवीच आहे," ती म्हणाली.

निवृत्ती तोंडावर आलेली, सगळी उमर बुरशीत घातलेली, आणि माझ्या नावावर एकही नवी प्रजाती नाही. आणि ही कालची पोरगी चप्पल घालून रानात जाते काय, आणि घेऊन येते काय! मला तिचा राग आला. अगदी मनापासून आला.

नवी प्रजाती सापडली की तिचं वर्णन छापावं लागतं. जो छापतो त्याचं नाव त्या प्रजातीच्या शेपटीला कायमचं चिकटतं. आणि आमच्यात एक संकेत आहे, की छापणाऱ्यानं अळंबीला स्वतःचंच नाव देऊ नये, हसं होतं. नुसता संकेत हं, नियम नव्हे. मी तो मथुराला नियम म्हणून सांगितला.

"या अळंबीला तुझं नाव द्यायचं ठरवलंय मी," मी म्हटलं.

ती उठून उभीच राहिली. "माझं, सर?"

"पण मग लेखक म्हणून तुझं नाव घालता येणार नाही. नियम आहे तसा. बघ बाई, तुला काय हवं ते. पेपरवरचं नाव चार लोक वाचतात आणि विसरतात. अळंबीचं नाव जग असेपर्यंत राहतं."

ती बाहेर व्हरांड्यात जाऊन अप्पांशी, म्हणजे बाबूशी, फोनवर बोलली. बाबू ढसाढसा रडला म्हणे. त्यांच्या घरात कुणाचं नाव दारावरच्या पाटीवरसुद्धा नव्हतं कधी. मथुरा डोळे पुसत आत आली आणि माझ्या पाया पडली. मी तोंडभरून आशीर्वाद दिला. आशीर्वाद द्यायला काय जातंय?

पेपर छापून आला. अळंबीचं नाव लॅटिनच्या चालीनं 'मथुराए'. लेखक एकटा मी. शाल मिळाली, नारळ मिळाला, वर्तमानपत्रात फोटो आला. यशवंतअण्णानं पहिल्यांदा बाजारात पेढे वाटले आणि म्हणाला, "आमच्या पद्मनाभनं जगात नाव काढलं." हे ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो.

मग एका कॉलेजात मथुराला हवी तशी जागा निघाली. मुलाखतीला विषयतज्ज्ञ म्हणून मलाच बोलावलं होतं. प्राचार्या इंदुमतीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पेपर किती तुमचे?"

मथुरानं माझ्याकडे पाहिलं. "पेपर नाही, मॅडम. पण एका अळंबीला माझं नाव आहे. मीच शोधली ती."

"मग मुलाखतीला अळंबीलाच पाठवायचं होतं की!" बाई म्हणाल्या आणि सगळी समिती हसली. मीही हसलो. जागा प्रवीणला मिळाली. त्याचे तीन पेपर होते, सुमार का असेनात.

ती बाहेर फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती.

"सर, तुम्ही एक शब्द बोलला असता तर?"

"नियमापुढे मी काय बोलणार?"

"असा नियम नाहीये, सर. मी शोधून बघितलं."

"मग आधी शोधायचं होतंस," मी म्हटलं. "संशोधक ना तू?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी रिक्षा केली आणि निघून आलो.

पुढे ती विनायकच्या शेडमध्ये कामाला लागली. दिवसभर वाफवलेला पेंढा पिशव्यांत ठासून भरायचा, त्यात बियाणं पेरायचं. मी कधी तिकडे गेलो तर मुद्दाम हाक मारायचो, "काय मथुराए, बरं चाललंय ना?" ती मान वर न करता म्हणायची, "बरं आहे, सर." मला उगाच गंमत वाटायची.

गेल्या महिन्यात ती घरी आली. पाया पडली नाही. छापलेला पेपर माझ्या हातात दिला आणि समोर बसली.

मी वाचत गेलो तसा मला घाम फुटला. सिलोनमध्ये शंभर वर्षांपूर्वी कुण्या इंग्रजानं हीच अळंबी नोंदवली होती. त्याच्याकडे वाळलेलीच आली, त्यामुळे जांभळ्या रंगाचा त्यानं उल्लेखच केला नाही. म्हणून आम्ही फसलो. मथुरानं परदेशच्या संग्रहालयातून तिचा वाळका तुकडा मागवला, विनायकच्या मदतीनं डीएनए करून घेतला, आणि दोन्ही एकच निघाल्या. आमच्याकडे आधीचं नाव तेच खरं धरतात. म्हणजे 'मथुराए' रद्द. आणि त्याच्या शेपटीला चिकटलेला मीही रद्द. पेपरवर लेखिका एकच होती, मथुरा.

"अगं, तुझंच नाव पुसलंस तू!" मी ओरडलो.

"हो, सर. तुमचं पुसायला तेवढी एकच वाट होती."

मी पेपर टेबलावर आपटला. ती शांतपणे म्हणाली, "या पेपरवर मला पुण्याच्या एका संस्थेत घेतलंय. एवढीच विनंती आहे, सर. अप्पांना यातलं काही कळू देऊ नका. ते अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, माझ्या लेकीच्या नावाची अळंबी आहे म्हणून. त्यांना सहन व्हायचं नाही."

"छे गं! मी कशाला सांगतोय?" मी म्हटलं.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. उद्या अण्णाला कळणार, मग अख्ख्या बाजाराला कळणार, पुन्हा ते खो खो हसणं. माझं सगळं गेलं आणि हिचा बाप तिकडे छाती फुगवून हिंडणार? मुळीच नाही! उजाडताच गाडी काढली आणि सरळ अळनावर गाठलं.

बाबू अंगणातच बसला होता. मला बघून धडपडत उठला. "बर्री सर, बर्री! या, बसा." खुर्ची आणली, पंच्यानं पुसली. आत बायकोला हाक दिली, "भागीरथी, सर आलेत. चहा टाक." मग हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "पोरीचं अभिनंदन करायला आलात, व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "वाईट बातमी आहे, बाबू. त्या अळंबीला आता मथुराचं नाव राहिलं नाही. आणि ते तिनं स्वतःच्या हातानं पुसलंय."

मी त्याच्याकडे बघत होतो. तो कोसळेल असं मला वाटत होतं. तो नुसता खाली बसला.

"ठाऊक आहे, सर. पेपर आला त्याच दिवशी तिनं मला सांगितलं. काल तुमच्याकडनं आली आणि म्हणाली, अप्पा, तुम्हाला सांगू नका म्हणून सरांना सांगून आलेय, आता सर येतील बघा. मी तिला रागावलो. म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस? एवढा मोठा माणूस, तुला शिकवलं त्यांनी, ते असं नाही करायचे. गाडी दिसली तेव्हासुद्धा मला वाटलं, अभिनंदनालाच आले असतील."

बाबूनं खांद्यावरचा पंचा झटकला आणि आत तोंड करून म्हणाला,

"भागीरथी, चहा राहू दे. सर निघालेत."