संत्र्याचं सँडविच, न चाखता

साहित्य: पाव, लोणी, किसलेलं चीज, वरुडची संत्री, गूळ, एक हिरवी मिरची. आणि राजापेठेतली रस्त्यावरची एक खोली, शटरसकट.

खोली साहित्यात कशी? आरतीला तिथं कॅफे काढायचं होतं. सासरे कमलाकांत निवृत्त वकील, त्यांनी अट घातली, "आधी एक पदार्थ घरच्यांना खाऊ घाल. आवडला तर खोली तुझी. नाहीतर ट्यूशनवाला मागतोच आहे."

कृती: संत्र्याच्या फोडी सोलायच्या. पांढरा पापुद्रा, बिया, सगळं काढायचं. राहिलं तर कडूजहर. गर गुळात आटवायचा, मिरची ठेचून घालायची. तो पावावर, त्यावर चीज, मंद तव्यावर लोणी आणि दाबायला वर पाण्यानं भरलेला पितळी तांब्या...

इथं कृती थांबते. दारात गोदावरीबाई, सासूबाई.

"चीज देवाला चालतं?"

"दुधाचंच आहे, आई."

"मग आधी नैवेद्य. त्याआधी चाखायचं नाही. आणि प्रसाद पानात टाकायचा नाही. तुमच्या माहेरी दर्यापुरात काय चालतं मला माहीत नाही, या घरात हे असं."

त्या गेल्या. संत्री आंबट की गोड, न चाखता कसं समजन? आरतीनं चमचाभर गर तोंडात टाकला. मीठ हवं होतं. चिमूटभर घातलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"ईशान, बघ बरं, आता?"

ईशाननं चमचा चाटूनपुसून घेतला. "बापरे! खोली झालीच समज."

नैवेद्य दाखवला. पानं वाढली. सून मागून जेवते, हाही नियमच, म्हणून आरती उभी. कमलाकांतांनी घास तोडला तशी चीजची तार हनुवटीपर्यंत आली. ते हसले, दुसरं मागितलं.

"किल्ली देऊन टाका हिला," ते म्हणाले.

गोदावरीबाईंनी पानाला हात लावला नव्हता. "देऊ की. आधी विचारा, देवाला उष्टं काहून दाखवलं. मी तुळशीपाशी होते. खिडकीतून सगळं दिसतं."

कमलाकांतांनी सँडविच खाली ठेवलं.

"ईशान," गोदावरीबाईंनी गोड आवाजात विचारलं, "तुला माहीत होतं?"

आरतीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पानाकडे पाहत होता.

"नाही. मला कसं माहीत असणार?"

गोदावरीबाई हसल्या. त्या हसण्यावरून आरतीला कळलं: चमचा चाटणारा मुलगाही खिडकीतून दिसलेला होता.

"पुन्हा करू दे," कमलाकांत पुटपुटले. "न चाखता. मग बघू."

"बघायचं काय त्यात? ट्यूशनवाल्याला मी परवाच हो म्हटलं. पुन्हा मात्र कर गं. देव उपाशी आहे."

कृती, पुन्हा: संत्री सोलायची. पांढरं राहू द्यायचं. बिया राहू द्यायच्या, नव्हे, मिक्सरमधून गरासोबत फिरवायच्या. गूळ नाही. मीठ नाही. साल किसून घालायची, भरपूर. गॅस मोठा. तव्यावर धूर. तांब्या जास्त वेळ.

चाखायचं नाही. आरतीनं खरंच चाखलं नाही. जिभेचं टोकसुद्धा लावलं नाही. देवाला हात जोडून तिनं मनात एवढंच म्हटलं, तू वास घेऊन सोडून दे.

पानं वाढली. वरून सोनेरी नव्हे, पण चीज तेवढंच, तार तेवढीच लांब.

पहिला घास. कमलाकांतांचा जबडा मध्येच थांबला. ईशाननं पाण्याचा पेला उचलला. गोदावरीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, तरी त्या चावत राहिल्या, सुनेकडे रोखून पाहत. घास गिळला. दुसरा तोडला. प्रसाद होता.

बाहेर कुठल्यातरी ट्यूशनहून सुटलेली पोरं गाड्यांचे हॉर्न वाजवत होती.

"आई, अजून एक वाढते. तुमचं जाड केलंय."

वाढलं.

ईशाननं अर्धं सँडविच पानाच्या कडेला सरकवलं. आरती उलथनं घेऊन त्याच्यासमोर वाकली. सासरी इतके दिवस गिळून ठेवलेली तिची बोली सहज तोंडात आली.

"खा ना ईशान. तुले कुठं चव माईत हाय?"