पिवळा जंपर

"काका, एक जंपर द्या ना. आजच्यापुरता."

निशिगंधाने माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. तिचं सगळं लक्ष पटांगणाच्या मध्यभागी अडून बसलेल्या, शाळेतल्या मुलींनी बनवलेल्या रोबोकडे होतं. सातव्यांदा अडला होता तो. भोसरीच्या त्या वस्तीतली चाळीस-पन्नास पोरं विहारासमोर गोल करून बसली होती आणि तो थांबला की खिदळत होती. रस्त्यातली बाटली उचलून डब्यात टाकणारं यंत्र बघायला बोलावलं होतं त्यांना, आणि यंत्र दोन पावलं चालून म्हैस अडावी तसं अडत होतं.

खरं तर चूक त्याची नव्हती. त्याच्या तोंडाशी मुलींनी एक सेन्सर बसवला होता. समोर हात आला, पाय आला, की रोबो जागच्या जागी थांबतो. जानेवारीतल्या स्पर्धेत असलं काही नव्हतं, कारण तिथे समोर माणसं नसतात. स्पर्धेत सातवा नंबर आला, हंगाम संपला, आणि मे महिन्यात विज्ञानाच्या मंजुषा मॅडमनी टूम काढली की सुट्टीत वस्त्या-वस्त्यांतून खेळ दाखवायचे. वस्तीत गेल्याचेही पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत गुण असतात म्हणे. असोत. मी एवढंच म्हटलं होतं, लहान पोरं आडवी येतील, काहीतरी सोय करा. शाळेच्या वर्गात तो सेन्सर अगदी शहाण्यासारखा वागला. इथे दहाच्या उन्हात त्याचे डोळे दिपले आणि मोकळ्या जागेतही त्याला काहीबाही दिसायला लागलं.

"काका, द्या ना."

मी डबा उघडला आणि एक पिवळा जंपर तिच्या हातावर ठेवला.

मी या शाळेच्या प्रयोगशाळेतला मदतनीस. नाव समाधान, ठेवणाऱ्याला पुढचं काही माहीत नव्हतं. मुलींच्या कामात जंपर म्हणजे वीतभर वायर, दोन्ही टोकांना पिना. सेन्सरच्या दोन जागा त्याने जोडून टाकल्या की सेन्सरला काहीही दिसो, यंत्राला आपलं वाटत राहतं, पुढे सगळं मोकळं आहे. लाल, हिरवे, पिवळे, डबाभर जंपर आहेत आमच्याकडे. हा शब्द दिवसातून पन्नास वेळा माझ्या कानावर पडतो. आठ वर्षं झाली. सवय होईल असं वाटलं होतं, झाली नाही.

त्याआधी मी एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला होतो. पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या सहा प्रेस होत्या. चार नंबरच्या प्रेसला सेन्सर होता, हात आत असेल तर ठोका पडू न देणारा. त्याच्यावर तेलाचे शिंतोडे उडायचे आणि उगाचच मशीन थांबायचं. माल कमी निघायचा. सुपरवायझर एका सकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "समाधान, एक जंपर मार. दोन दिवसांपुरता. नवीन सेन्सर मागवलाय." मी पॅनल उघडून जंपर मारला. दोन मिनिटांचं काम. नवीन सेन्सर काही आला नाही, आणि दोन दिवसांचे चाळीस झाले. त्या चाळीस दिवसांत मी रोज त्या पॅनलसमोरून डबा खायला गेलो.

प्रेसचा आवाज एकसारखा असतो. ठक, ठक, ठक. दिवसभर ऐकून तो ऐकू येईनासा होतो. त्या दुपारी त्यातला एक ठोका मऊ पडला. बस, एवढंच. पुढचा ठोका पडलाच नाही, कारण तोवर कुणीतरी लाल बटण दाबलं होतं. चार नंबरवर कस्तुराबाई होत्या. उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशीचा साहेब यायच्या आत मी जंपर काढला, सेन्सर पुसून ठेवला. कागदावर लिहिलं गेलं की कामगाराचं लक्ष विचलित झालं. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. पुढच्या रविवारी अर्धा डझन मोसंबी घेऊन दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. ती मोसंबी घरात कुणी खाल्ली नाहीत. कस्तुराबाईंना एकच सांगायचं होतं, की चूक तुमची नव्हती. चौदा वर्षांत मी ते सांगितलं नाही. अजून कुणी दार आपटलं की मी पुढच्या ठोक्याची वाट बघत उभा राहतो.

पटांगणात टाळ्या पडल्या. जंपर लागल्यावर रोबो सुसाट सुटला होता. बाटली उचलली, डब्यात टाकली, वळला, दुसरी उचलली. मॅडम फोनवर फोटो काढत होत्या. निशिगंधाची मैत्रीण अंजली तोंडाला कर्णा लावून सगळं समजावून सांगत होती. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात चार-पाच वर्षांची एक मुलगी पुढे सरकली आणि रोबोच्या वाटेत पडलेली आपली चप्पल उचलायला वाकली. रोबो थांबला नाही. त्याच्या लोखंडी चिमट्यात चप्पल सापडली आणि दुमडली गेली. मुलीला मात्र विहाराच्या पायरीवर बसलेल्या एका बाईने डाव्या हाताने मागे खेचलं होतं. निशिगंधाने रिमोटवरून रोबो बंद केला. पोरं हसली. चप्पलच तर होती.

"हात आवर गं," ती बाई म्हणाली. "यंत्राफुडं ध्यान ठिवावं. मी न्हाई ठिवलं, हे बघा काय झालं ते."

पण तिने दाखवलं काहीच नाही. एवढ्या उन्हात तिचा उजवा हात पदराखाली गुंडाळलेला होता, आणि तो तसाच राहिला. कुणीतरी मागून "कस्तुराआजी, इकडं सावलीत या" म्हणालं. ते म्हटलं नसतं तरी मी आवाजावरून ओळखलं असतं. त्या निशिगंधाला सांगत होत्या, कंपनीत होते गं मी, चांगली सात वर्षं, कधी खरचटलं नाही, त्या दिवशी काय झालं कोण जाणे, माझंच ध्यान नव्हतं. साहेबांनी तसं लिहूनपण दिलंय. मुली मान हलवत होत्या. मॅडम म्हणाल्या, बघा मुलींनो, लक्ष किती महत्त्वाचं असतं ते.

जंपरचा डबा मी ओट्यावर ठेवला. गप्प राहणं मला चांगलं जमतं. चौदा वर्षांचा सराव आहे. पण ती दुमडलेली चप्पल समोर होती, आणि त्या वायरला हात माझाच लागला होता. दोन्ही वेळेला.

"कस्तुराबाई," मी म्हटलं, "तुमची चूक नव्हती."

त्यांनी वर पाहिलं. "कोन तुमी?"

"समाधान. मेंटेनन्सचा."

"मिशीवाला?"

"व्हय. त्या मशीनचा सेन्सर बंद होता. मी बंद केला होता, वायर मारून. चाळीस दिवस. साहेब यायच्या आधी मीच ती काढली आणि खाली सही केली."

बोलून झालं. इतकी वर्षं वाटायचं, हे बोलायला फार वेळ लागेल. मॅडमनी फोन खाली घेतला. निशिगंधाने माझ्याकडे बघितलं, मग रोबोच्या पोटातल्या पिवळ्या वायरकडे. उद्यापासून या मुली मला काका म्हणतील की नाही, मला माहीत नव्हतं. तिने खाली बसून जंपर उपटला आणि मुठीत धरला.

कस्तुराबाईंनी पायरीच्या कडेवर डावा हात टेकला. मग म्हणाल्या, "म्हंजी मी हात येळंवर काडला हुता का न्हवता?"

"ते मला नाही सांगता येणार. पण नसता काढला तरी मशीन थांबायला पाहिजे होतं. त्यासाठीच होता तो सेन्सर."

"चौदा वर्सं मी रोज मनात त्यो हात मागं घेतीया," त्या म्हणाल्या. "रातच्याला पडल्यावर. भाकरी थापताना. एका हातानं थापती ना, तवा. आन् तुमी सही केली."

"केली."

"मंग आता तुमच्याशी मला काय बोलायचं न्हाई."

मी बाजूला झालो. माफी माझ्या तोंडाशी आली होती, ती मी गिळली. ती मागून मलाच हलकं वाटलं असतं, आणि त्यांच्यावर आणखी एक ओझं पडलं असतं.

मुलगी रडायला लागली होती, चपलेसाठी. अंजली तिला समजावत होती. कस्तुराबाई उठल्या, पायऱ्या उतरल्या आणि निशिगंधाला म्हणाल्या, "पोरी, ह्यो परत चालव. वायर न लावता."

"आजी, उन्हात तो सारखा थांबतो."

"मंग सावली धर की त्याला."

अंजलीने एक वही उघडून सेन्सरवर धरली आणि वाकूनच चालायची तयारी केली. निशिगंधाने रिमोट उचलला. पोरं हसायची थांबली होती. काहीतरी घडलंय एवढं त्यांनाही कळलं होतं. कस्तुराबाई पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसल्या. त्यांनी उजव्या हातावरचा पदर सोडला. एकटा अंगठा राहिलेला तो हात मी पहिल्यांदाच बघत होतो. तो त्यांनी समोर मातीवर, यंत्राच्या वाटेत, पालथा ठेवला.

"चालव," त्या म्हणाल्या.

रोबो निघाला. त्याच्याबरोबर वही धरलेली अंजली. निशिगंधाने वेग कमी केला नाही. मी त्या ठोक्याची वाट बघत होतो.

वीतभर अंतरावर तो थांबला.

कस्तुराबाईंनी हात मागे घेतला नाही.