पट्ट्यावरचं स्वस्तिक

नवऱ्याची, आनंदरावांची, धाप ऐकली की सविता हातातलं काम टाकून धावायची. वजन उतरवा, हृदयावर ताण येतोय, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सोसायटीच्या चेअरमनला गावात कोण चालू देतंय? जो तो मेला गाडीवाला थांबून म्हणायचा, "आप्पा, बसा, सोडतो," आणि हे बसायचे!

म्हणून ती शिरूरला व्यायामाच्या यंत्रांच्या दुकानात गेली. सायकल मारायची ती बसून, आणि बसायचीच तर त्यांना खोड. हातापायांनी ओढायचं यंत्र कंबरेला झेपलं नसतं. ट्रेडमिलवर कॅलरी जास्त जळतात, असं दुकानदार म्हणाला. शिवाय पट्टा सुरू झाला की चालावंच लागतं, म्हणून तिनं तेच घेतलं. तरी ते यंत्र घरी येईस्तोवर तिचा जीव टांगणीला लागला होता. गुडघे धरले तर? लाइट गेली तर?

घडलं भलतंच. नवी वस्तू म्हणून सासूबाईंनी, तुळजाबाईंनी, नारळ फोडला आणि थेट पट्ट्यावरच कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

आनंदराव मागं सरले. "स्वस्तिकावर पाय? माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

सविता पुसायला वाकली.

"हात लावू नगंस!" ते ओरडले. त्यांना निमित्तच हवं होतं. पण तेवढ्या ओरडण्यानंही त्यांना धाप लागली.

तुळजाबाई लेकाचा तो श्वास ऐकत राहिल्या. मग खाली बसल्या आणि स्वतःच्या पदरानं स्वस्तिक पुसून काढलं.

"पाप मला लागंल," त्या म्हणाल्या. "चढ."