पाहुणा कोण होणार

आमच्या विद्यापीठाच्या पर्यटन विभागात वर्षातून एकदा हॉटेलवाले, टूरवाले मुलांना भेटायला येतात. यंदा आलेली हॉटेल मॅनेजर माझीच जुनी विद्यार्थिनी. वर्गात तिला सगळे चिमणी म्हणायचे.

ती दारात दिसताच मुलांनी खुर्ची पुढे केली. "बसा ना, ताई."

चिमणीने सवयीने तीच खुर्ची एका मुलीकडे सरकवली. "आधी तुम्ही बसा. प्रवास कसा झाला?"

मुलगी वरच्या मजल्यावरून आली होती.

मग पाण्याचा ग्लास या हातातून त्या हातात फिरला, प्यायलं कोणीच नाही. समोरचा उभा असताना आपण बसायचं नाही, हे मीच सगळ्यांच्या डोक्यात भरलं होतं. शेवटी माझंच डोकं फिरलं.

"पुरे तुमचं आदरातिथ्य," म्हणत मी त्या खुर्चीत जाऊन बसले.

सगळ्यांचे चेहरे उजळले. एकाने पंखा माझ्याकडे वळवला. चिमणीने ग्लास माझ्या हातात दिला आणि वाकून विचारलं, "मॅडम, सकाळपासून उभ्याच आहात ना? काही खाल्लंत का?"

हा प्रश्न कसा विचारायचा, हे मी इतकी वर्षं शिकवत आले. उत्तर कसं द्यायचं, ते मला येईना.