लकवाबाबाचं रक्ताळलेलं लिंबू

सानगडीला तलावाच्या पाळीवर सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. लकवाबाबाने कुंताबाईवरून उतरवलेलं लिंबू सुरीने चिरलं आणि फोडीतून लाल रस ठिबकला. बाया किंचाळल्या.

"पाहा, चेटकिणीनं पेलेलं रक्त! म्हणून लकवा मारला!" बाबा गरजला.

कुंताबाईचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लुळा पडला होता. मासेमार नवऱ्याकडे, टिकारामकडे बघत ती म्हणाली, "वांग्या, मासोळीले चहा दे."

"देवी बोलून राहिली! वांगं अन् मासोळीचा नैवेद्य मांगते. माह्याकडे आणून द्या, मी पोचवतो!" बाबा ओरडला.

"अंगात चेटकीण हाये का देवी? एक काय ते ठरवा," गर्दीतून वाट काढत उपकेंद्राची नर्स उर्वशी म्हणाली. तिने कुंताबाईच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला.

"काका, ताप कधीपासून?"

"तीन दिस झाले. डोकं लय दुखे. आज सकाळपासून असं भलतंसलतं बोलून राहिली."

आधी ताप, मग बडबड; हा नुसता लकवा दिसत नव्हता. उर्वशीने अँब्युलन्सला फोन लावला.

बाबा आडवा आला. "लिंबातलं रक्त दिसत नाही तुले?"

उर्वशीने भाजीवालीची विळी घेऊन दुसरं लिंबू कापलं. रस पांढरा.

"तुह्या हातात शक्ती नाही," बाबा म्हणाला.

तिने त्याचीच सुरी उचलली आणि तेच लिंबू पुन्हा चिरलं. रस लाल!

"आता आली का शक्ती? पात्यावर जास्वंदाचं फूल घासलंय यानं. आंबट रस लागला का लाल होते."

बाया पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. बाबाने पिशवी आवरली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनाही आधी लकवाच वाटला. पण मेंदूच्या फोटोत ना रक्ताची गुठळी, ना रक्तस्राव. मग पाठीतलं पाणी तपासलं. विषाणू मेंदूत शिरून सूज आली होती. सलाइनमधून औषध सुरू झालं. बाराव्या दिवशी कुंताबाई म्हणाली, "अजी, जाळं वाळवलं का?" टिकाराम भर वॉर्डात हसत हसत रडला.

कुंताबाई गावी परतल्यावर उर्वशीने पाळीवरच बायांना गोळा केलं.

"तोंड वाकडं झालं, बोलणं बिघडलं, हात पडला, तर तडक दवाखाना गाठा. लकवा हाये का मेंदूचा ताप, ते डॉक्टर तपासून सांगन. दोन्हीत एकेक घंटा मोलाचा असते. कोणी चमत्कार दाखवला, तर पहिले विचारा, हे झालं कसं?"