शेवटचं रीळ

टक्. आत्याबाईंच्या बोटांत शेंग फुटली, तेव्हा कुठं मला कळलं, आपण सांगता सांगता गप्प झालो आहोत.

"मग?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. "कुत्रं दारात शेपूट हलवाय लागलं. दार उघडलं का न्हाई?"

सोप्यात बसून आम्ही पेरणीच्या शेंगा फोडत होतो. मी, आत्याबाई आणि शेजारची चांदबी. बियाणाच्या शेंगा हातानंच फोडायच्या, दाण्याचं साल दुखवायचं नाही. त्यामुळं हात सावकाश आणि कान मोकळे. धाकटा माझ्या मांडीवर निजला होता. सहा वर्षांची राही पोचट शेंगा वेचून बाजूला टाकत होती.

आदल्या रात्री जत्रेतल्या तंबूत मी राहीला घेऊन सिनेमा पाहून आले होते. सांगलीला माहेरी असल्यापासून मला हे वेड. इथं आल्यावर एकदा पाहायचा आणि आळीतल्या बायकांना दहादा सांगायचा.

पुरात एक गाडीवान वाहून जातो. चार दिवसांनी त्याचं कुत्रं त्याचा फेटा तोंडात धरून घरी येतं. सगळे म्हणतात, माणूस गेला. कुत्रं काही मानत नाही. बायकोचा पदर ओढतं, नदीकडं पळतं, परत येतं. लोक त्याला बांधून घालतात. शेवटी लेक त्याची दोरी सोडते आणि मायलेकी त्याच्या मागं चालू लागतात, ते थेट नदीकाठच्या एका खोपटापर्यंत. दार बंद. कुत्रं शेपूट हलवतं.

सिनेमा म्हणून विचाराल तर गाणी जरा जास्तच. बायकोचं काम करणारी बाई पुराच्या चिखलातसुद्धा पावडर लावून रडत होती. पण कुत्रं! माणूस रडला की आपण बघतो, खरा रडतोय का. कुत्र्यानं कान टवकारले की आपण थेट दाराकडंच बघतो. तंबूतल्या साऱ्या बायका दाराकडं बघत होत्या, आणि पडदा पांढरा झाला. मशीनवाला ओरडला, शेवटचं रीळ मिरज स्टेशनावरच राहिलं. शिट्ट्या झाल्या, शिव्या झाल्या. सकाळी तंबू उतरून गाडीतही पडला.

"तिथंच संपलं, आत्याबाई. पुढचं रीळच आलं नाही."

आत्याबाईंचा हात थांबला. श्रावणात कहाणी ऐकताना कुणी मधेच उठलं, तर त्या तिला परत बसवून पहिल्यापासून ऐकायला लावतात.

"अर्धी कहाणी घरात ठिवू न्हाई, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "माझा हंबीर वाटंवर हाय."

त्यांचा हंबीर म्हणजे माझे मालक. पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडं लढाईवर गेलेत. धाकट्याला त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

"उघडलं की दार," मी म्हणाले. "आत म्हातारा कोळी होता. त्यानंच गाडीवानाला पाण्यातनं काढलेलं. पाय मोडला होता बिचाऱ्याचा, म्हणून येता येत नव्हतं. कुत्रं गेलं ते त्याच्या छातीवरच चढलं."

"या अल्ला!" चांदबीनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच हसली. "त्या कुत्र्याला आमच्याकडं धाड गं. आमचं म्हातारं मिरजेच्या बाजाराला गेलं की परत यायचं इसरतंय."

"तुझ्या म्हाताऱ्याला बघून कुत्रंच पळंल," आत्याबाई म्हणाल्या. खूप दिवसांनी त्या अशा हसल्या. हसता हसता मला म्हणाल्या, "आता पत्र वाच. सकाळी आलं म्हणालीस ते. चांदबीलाबी ऐकू दे."

मी डब्यातून पत्र काढलं. ते आजचं नव्हतं, दिवाळीतलं होतं. त्यानंतर एकही आलं नाही. घरात वाचता येतं ते मलाच, म्हणून त्या एकाच कागदावरून मी आतापर्यंत चार पत्रं वाचली आहेत. काळजीनं आत्याबाईंचं जेवण तुटलं होतं, तेव्हा पहिलं वाचलं.

"मातोश्रींच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार," मी सुरू केलं. वैशाख आला तरी रजा का नाही, याला काहीतरी कारण हवं होतं. ते आपोआप तोंडातून आलं. "पायाला जरा लागलं आहे, म्हणून येता येत नाही. एक म्हातारा इथं फार जीव लावतो. काळजी करू नये."

"जपतंय म्हणायचं कुणीतरी," आत्याबाईंनी हात जोडले. चांदबी सूप उचलून घरी गेली. आत्याबाई म्हशीला पाणी दाखवायला परसात गेल्या. आज त्यांच्या पावलांत जोर होता.

मी पत्राची घडी घालत होते. राही पोचट शेंगांचा ढीग सोडून माझ्या गुडघ्याशी येऊन बसली.

"आई, काल दार उघडलंच न्हवतं."

"नव्हतं, बाळा. आजीला बरं वाटावं म्हणून सांगितलं."

तिनं माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. या वर्षी ती शाळेत जाते. अक्षरं एकेक करून ओळखायला लागली आहे. बराच वेळ तिचं बोट त्या ओळींवरून फिरत राहिलं.

"ह्यात 'पाय' कुठं लिवलंय, आई?"