मी पाडलं नाही त्यांना

मी शिडी बोलतेय. अकरा पायऱ्यांची, सागवानी, वय वर्षं एकतीस. मला गप्प राहायची सवय आहे. भिंतीला टेकून जगणाऱ्याला ती लागतेच. पण गेले अठरा दिवस या गल्लीत जे बोललं जातंय, ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. "शिडी सटकली." "शिडीनंच घात केला." "काकू, असली वस्तू घरात ठेवू नका हो."

मी सटकले नाही. ज्यांनी मला घडवलं, त्यांना मी पाडीन?

ते सुतार. खिडक्यांच्या चौकटी करणाऱ्या कारखान्यात कामाला होते. नवं लग्न, दोन खोल्यांचं नवं घर, आणि माळ्यावर हात पोचेना. म्हणून मालकाला विचारून उरलेल्या सागाच्या पट्ट्या त्यांनी घरी आणल्या आणि चार रविवार खपून मला जोडलं. प्रत्येक पायरी खाच करून बसवली. खिळा एकच ठोकला, माझ्या डाव्या पायाला, कमरेच्या उंचीवर. तो चपलांसाठी. चपला घालून शिडी चढायची नाही, हा त्यांचा कायदा होता. आधी चपला खालीच ठेवायचे. पण एकदा कुत्र्यानं एक पळवली आणि एका पायानं लंगडत ते गल्लीभर त्याच्यामागे धावले. बायको इतकी हसली की तिला माझाच आधार घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी खिळा आला.

त्या दोघांचा एक रिवाज होता. वर चढण्याआधी ते विचारायचे, "धरलीस का?"

"धरलीय. चढा."

काम संपवून जमिनीला पाय लागले की म्हणायचे, "उतरलो गं." मग ती हात सोडायची आणि ते चपला पायात घालायचे. एकतीस वर्षांत यात बदल नाही. भांडण झालेलं असलं तरी नाही. अबोला असला की ती नुसती "हं" म्हणायची, पण धरायची घट्ट. लाडाचे शब्द मी त्या घरात फारसे ऐकले नाहीत. मला त्यांची उणीवही कधी वाटली नाही.

लेकीला लहानपणी उंचीची भीती. तिला ते कधी रागावले नाहीत. पहिली पास झाली तेव्हा पहिल्या पायरीवर उभं केलं, दुसरी पास झाली तेव्हा दुसऱ्या. दहावीच्या निकालाच्या दिवशी ती दहाव्या पायरीवर उभी राहून "बाबा, आता अकरावी!" असं ओरडली. तर म्हणाले, "ती माझी. तू खाली ये आणि कॉलेजात जा."

आणि गल्ली! त्यांना सगळे शिडीवाले काका म्हणायचे, कारण मी त्यांच्या घरात कमी आणि लोकांच्या दारात जास्त असायचे. कुणाचा पंखा, कुणाची गळती, कुणाच्या टाकीचं झाकण. मी गेले की मागोमाग तेही यायचे, "तुम्ही नका चढू, मी बघतो." रंगाचे डाग अंगावर घेऊन मी परत यायचे. माझी चौथी पायरी गल्लीच्या कमिटीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या रंगाऱ्यांनी मोडली आणि मला मुकाट दाराशी ठेवून गेले. काकांनी नवी पायरी बसवली, वर साहेबांनाच विचारलं, "रंग नीट लागला ना?" मला असा संताप आला होता म्हणून सांगू!

आता त्या दिवसाचं सांगते.

वळणावरचा दिवा दोन महिने बंद होता. समोरच्या शिंपीणबाईंची आई तिथं अडखळून पडली. काका तीनदा सेक्रेटरींकडे गेले. तिन्ही वेळा उत्तर एकच, "पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ." शेवटी स्वतः बल्ब आणला आणि सकाळी दहा वाजता मला वळणावर उभं केलं. काकूंनी धरलं. ते अकराव्या पायरीवर पोचले आणि घरातला फोन वाजायला लागला. वाजतच राहिला.

"जा, घे तो," वरून म्हणाले. "मी हलत नाही तोवर."

ती गेली. फोन कुणाचा होता माहीत आहे? सेक्रेटरीसाहेबांचा. "काकू, उद्या जरा शिडी मिळेल का?"

काकांनी बल्ब बसवला. थोडं थांबले. मग एक एक पायरी उतरले. अकराच्या अकरा. जमिनीवर पाय टेकवून सवयीनं "उतरलो गं" म्हणाले. खिळ्यावरच्या चपला काढून पायात घातल्या. छातीवर हात ठेवून माझ्या दुसऱ्या पायरीवर बसले आणि हळूच एका बाजूला कलंडले. कपाळ जमिनीला खरचटलं. मी जागची हललेही नव्हते.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण गल्लीला एवढ्यानं कुठं समाधान? "वरून पडल्याच्या धसक्यानंच बंद पडलं असणार!" बघितलं कुणीच नव्हतं, सांगत मात्र सगळे होते.

पाचव्या दिवशी गल्लीत खुर्च्या मांडून सभा झाली. सेक्रेटरीसाहेब बोलायला उभे राहिले. "काका देवमाणूस. पण वयाचं भान ठेवायला हवं होतं. घरच्यांनीही अडवायला हवं होतं, निदान शिडी तरी धरायला हवी होती." काकू पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. फोनचा विषय साहेबांनी काढला नाही. माझ्या अंगावरून चढून ज्यांचे पंखे फिरताहेत, ती माणसं खाली माना घालून "खरंय, खरंय" म्हणत होती. मला आपणहून हलता आलं असतं, तर मी त्या सभेत आडवी पडले असते.

त्या दिवसापासून काकूंचं जेवण तुटलं. ताट समोर घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "मी हात सोडला." लेक समजावून थकली. तिला आईवर रागावता येईना, म्हणून राग माझ्यावर निघाला. परवा बाबांचीच करवत घेऊन ती आली, मला बोळात आडवं केलं आणि माझ्या उजव्या पायावर करवत चालवायला लागली. रडत होती. मी तिला दोष देत नाही.

शिंपीणबाई उंबऱ्यावर काकूंजवळ बसल्या होत्या. काकांपाशी सगळ्यात आधी त्याच पोचल्या होत्या. समजूत घालायला म्हणून सांगत होत्या, "मी खूप केलं हो. पाय गार पडत होते, म्हणून चपला काढून फेकल्या आणि तळवे चोळत बसले."

काकूंनी मान वर केली. "कुठल्या चपला?"

"त्यांच्या."

"खिळ्यावरच्या?"

"खिळ्यावरच्या कशाला? पायातल्या. चांगल्या अंगठा घालून घातलेल्या होत्या."

करवत थांबली. आईनं लेकीकडे पाहिलं, लेकीनं आईकडे. काकू उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि खिळ्यावर बोट ठेवलं. तो रिकामा होता.

"उतरले होते गं ते," त्या म्हणाल्या. "पडले नाहीत. स्वतःच्या पायांनी उतरले." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या. रात्री एक पोळी खाल्ली.

आज सकाळी सेक्रेटरीसाहेब आले. बरोबर रंगवलेला फलक, वळणावर दिव्याखाली लावायला. 'आमचे शिडीवाले काका. शिडीवरून पडून दुःखद निधन. कमिटीतर्फे श्रद्धांजली.' आणि तो लावायला काय हवं होतं? मीच!

"'शिडीवरून पडून' खोडा," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, रंगवून झालंय. आता कशाला?"

"मग शिडी मिळणार नाही. आणि साहेब, त्या दिवशी मी शिडी सोडली ती तुमच्या फोनसाठी. तेही सभेत सांगायचं राहिलं तुमचं."

साहेबांनी फलक लेकीपुढे धरला. लेकीनं बाबांचा पांढऱ्या रंगाचा डबा आणून ते दोन शब्द बुजवले. मग मला वळणावर नेलं. साहेब बूट घालूनच चढायला निघाले.

"बूट काढा," काकू म्हणाल्या. त्यांनी काढले. आणि त्या माणसासाठीसुद्धा काकूंनी मला धरलं. दोन्ही हातांनी, नेहमीसारखं घट्ट.

आता मी घराच्या भिंतीवर, माझ्या खुंट्यांवर आहे. उजव्या पायाला करवतीची अर्धा बोट खोल खाच आहे. लेक म्हणते ती भरून देईल. माझी तक्रार नाही. पण मघाशी, मला पुसताना, काकू स्वतःशीच पुटपुटल्या, "मला हाक मारली असेल का हो त्यांनी? की न बोलताच गेले?"

मला तोंड नाही. तुम्हाला आहे. या गल्लीत आलात, तर वळणावर पांढरा डाग असलेला फलक दिसेल. त्याच्या अलीकडचं तिसरं दार. काकूंना एवढंच सांगा, की ते म्हणाले होते. नेहमीसारखंच, स्पष्ट म्हणाले होते, "उतरलो गं."